पितळी इंजिनाची पहिली वाफ

गुलाब रेल्वे इंजिनांच्या लोको शेडमध्ये फिटर होता. यार्डात डबे हलवणाऱ्या, शंटिंगच्या टँक इंजिनासारखं हुबेहूब, हातभर लांबीचं पितळी इंजिन त्याने दीड वर्ष खपून घरी बनवलं होतं. बॉयलरच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या, तांदळाच्या कणीएवढे रिवेट, वर शिट्टी. १९६२ सालच्या एका रविवारी दुपारी, रुआबांधा वस्तीतल्या आपल्या खोलीत त्याने इंजिनाखाली पहिल्यांदा स्पिरिटचा दिवा लावला. बायको सत्यशीला आणि आठ वर्षांची चंपा समोर बसल्या.

पाणी उकळू लागलं. दाबाचा काटा लाल रेघेपाशी आला आणि पुढे सरकला. तिथे बॉयलरवरचा सुरक्षा व्हॉल्व्ह आपोआप उघडून वाफ सुटायला हवी होती. तो उघडलाच नाही.

"चंपे, बाहेर पळ!" गुलाब ओरडला.

चंपा पळाली. सत्यशीला दारात थबकली. "का झालं?"

"बॉयलर फुटते आता."

इंजिन थरथरत होतं, पण गुलाब जागचा हलेना. जुन्या नोकरीत त्याने बॉयलर फुटलेला पाहिला होता. सोबतचा माणूस ओळखूही आला नव्हता.

"कावून बसले तुमी? दिवा काढा नं!"

"हात उठून नाही राहिला माहा."

सत्यशीलाने तोंडासमोर पाट धरला आणि चुलीजवळच्या चिमट्याने दिवा ओढला. तो कलंडला. सांडलेलं स्पिरिट भडकलं, तिच्या पदराने पेट घेतला.

तेव्हा गुलाब उठला. उघड्या हातांनी त्याने पदर विझवला, तिला बाहेर ढकललं. मग कोंडलेली वाफ सुटावी म्हणून दाराबाहेरून, भिंतीआडून बांबू आत घालून, चाचपडत शिट्टीची तार ओढली. कानठळ्या बसवणारी किंकाळी फुटली. ती कमी होत होत थांबेपर्यंत आणि सांडलेलं स्पिरिट जळून संपेपर्यंत तिघं भिंतीला चिकटून होती.

व्हॉल्व्हमध्ये सांधे जोडताना वितळलेल्या डाकाचा थेंब अडकला होता. गुलाबचीच चूक.

"मले लाज वाटून राहिली," भाजलेल्या तळव्यांकडे पाहत तो म्हणाला.

"मले बी भेव लागलंच होतं. म्हणून तं पाट धरला तोंडासमोर."

त्याने नवा व्हॉल्व्ह बनवला. शेडमधल्या फोरमन जानरावांनी थंड पाण्याच्या दाबाने बॉयलर तपासून दिला. दोन महिन्यांनी मोकळ्या मैदानात ते इंजिन रुळांवरून धावलं. चंपा टाळ्या वाजवत इंजिनामागे धावणार होती, पण इंजिन थंड होईपर्यंत सत्यशीलाने तिचा हात सोडला नाही.