पाचवी पाळी

बारावा

आठ महिन्यांनी मी मोरोगोरोच्या बाजारनाक्यावर गाडी आणली आणि गुपचूप रांगेच्या शेवटी लावली. पुढे भाड्याच्या अकरा मोटारसायकली.

जाताना याच लोकांना ऐकवलं होतं, "बसा पाळीची वाट बघत. मला फोन गिऱ्हाइकं देतो." परवा त्याच फोनमधल्या ॲपने मला बंद केलं. का, ते विचारायला पलीकडे माणूसच नाही. आता नाक्याने घेतलं नाही, तर गाडी विकावी लागणार.

"साहेब! फोन रुसला वाटतं?" रांगेतला डित्राम ओरडला. सगळे हसले.

अथुमानी बाबा हसले नाहीत. नाका त्यांनीच बसवलेला. "येरेमिया, तिथे कशाला उभा? तुझी पाळी पाचवी आहे."

पाचवा

तिसऱ्या गाडीच्या मागे दोन दगड होते. मागच्यावर खडूने माझं नाव.

आजाऱ्याचा दगड रांगेत राहतो, हे ठाऊक होतं. पण मी आजारी नव्हतो. सोडून गेलो होतो.

"कोण सरकवत होतं?"

"मागे असेल तो. लाथेने," डित्राम म्हणाला. "तुझ्या प्रेमापोटी नाही हं."

मी दगड उचलला, गाडी तिथे लावली.

तिसरा

दगड पहिला आला की मागच्याने त्याच्या नावावर पैसे नसलेल्याला न्यायचं, असा इथला रिवाज.

"म्हणजे आठ महिने माझ्या नावावर..."

"बाळंतिणी. म्हातारे. एकदा तर नुसती शेळी," डित्राम म्हणाला. "बाबांचा समाजवाद! त्यांच्या तरुणपणी अख्ख्या गावाचं एकच शेत होतं. सगळ्यांचं, म्हणून कुणी खुरपलंच नाही."

"खरंय," बाबा म्हणाले. "आळशी होतो आम्ही. शेत बुडालं. पण आजाऱ्याच्या वाट्याचा मका कुणी खाल्ला नाही."

मग माझ्याकडे वळून, सहज: "दर गुरुवारी तुझी आईच असायची. दवाखान्याला."

आई म्हणायची, नाक्यावरचे सोडतात. मी कधी विचारलं नाही, कुणाच्या पाळीवर.

उलुगुरूच्या डोंगराकडे बघत बसलो. इतकं मोठं काहीतरी इथे रोज, लाथेने, पुढे सरकत होतं.

दुसरा

आता माझ्यापुढे फक्त एक दगड. नाव: म्कुदे. पाय मोडून घरी पडलेला.

समोरून दोघं एकदमच आली. सुटाबुटातला व्यापारी, आणि केळ्यांचा घड घेतलेली एक म्हातारी. व्यापाऱ्याने मलाच हात केला. माझा पाय आपसूक किकवर गेला.

मी तो परत खाली घेतला.

"साहेब, मागची गाडी घ्या," मी म्हणालो. "आजी, बसा."

"पैसे नाहीत रे, लेकरा."

"ही म्कुदेची फेरी आहे."

चढाला लागल्यावर तिने कानाशी येऊन विचारलं, "कोण हा म्कुदे? कुणाचा?"

"मलाही माहीत नाही, आजी. मी गेल्यावर नाक्यावर आलाय."