दुसरी लाल कड

माझ्या सहधर्मचारिणीच्या यकृतात गाठ उद्भवली होती. गाठ एकच असेल तरच शस्त्रक्रिया शक्य, असे शल्यविशारदांनी निक्षून सांगितले होते.

माझी भाची त्याच रुग्णालयात न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणक-प्रणाली, घडविते. एमआरआय, सीटी आणि पेट ही शरीराच्या आतली तीन प्रकारची चित्रे एकावर एक ठेवून ते गाठीची कड रेखते. असंख्य गाठी हाताने रेखून दाखविल्या, तेव्हा कुठे त्याला अक्कल आली, असे ती म्हणते.

त्या सकाळी आम्हा दोघांसमोर पडद्यावर दोन लाल कडा उमटल्या. एक यकृतात, दुसरी फुप्फुसाच्या तळाशी. दुसरी गाठ म्हणजे शस्त्रक्रिया नाही.

भाचीने तिन्ही चित्रे सुटी केली. एमआरआयमध्ये गाठ एकच होती, पेटमध्येही एकच. सीटीत मात्र फुप्फुसे टम्म फुगलेली आणि यकृत खाली ढकललेले.

"मामी, सीटीच्या वेळी श्वास रोखलास?"

"रोखला की! एमआरआयला रोखला, तर तो माणूस शाब्बास म्हणाला."

"पण इथे साधा श्वास घ्यायला सांगितलं होतं ना?"

"म्हटलं, जरा जास्तच चांगलं करावं."

"आणि नंतर पेट चालू असताना?"

"तेवढा वेळ कोण रोखेल? मी काय मासा आहे?"

"जन्मभर हेच," मी उद्गारलो. "चहात एक चमचा साखर सांगावी, तर दोन पडतात."

"आणि मिटक्या कोण मारतं?"

भाची हसली, परंतु तिचे डोळे पाणावले होते. "श्वास भरून रोखला की यकृत खाली जातं, सोडला की वर येतं. एकच गाठ दोन जागी दिसत असेल, मामा. पण खात्री करायला हवी."

तपासणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीने तेवढ्या भागाचे सीटी आणि पेट पुन्हा झाले. काचेपलीकडून भाची माइकवर म्हणाली, "मामी, हुशारी नको. नुसती पडून राहा, मामा सुट्टीच्या दिवशी पडतात तशी."

"हसवू नकोस गं, हलेन मी!"

नेटवर्कने पुन्हा कड रेखली. एकच. भाचीने व डॉक्टरांनी एकेक चित्र स्वतः पुनश्च न्याहाळले. "एकच आहे, मामा. ऑपरेशन होणार." तोवर मीच श्वास रोखून धरला होता, हे मला तेव्हा उमगले.

पत्नी केस सावरीत बाहेर आली. निकाल ऐकून ती क्षणभर खुर्चीवर टेकली. मग म्हणाली, "या वेळी शाब्बास कोणी म्हणालंच नाही."

"शाब्बास," मी म्हणालो.

संसारात हा शब्द मी प्रथमच उच्चारीत होतो. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "अहो, बरं आहे ना तुम्हाला?"