रंगवलेली खिडकी

जुन्या पेठेतल्या गाईडने रोजच्यासारखी छत्री उंचावली. "दर्शनी भाग दोन्हीकडून सारखा दिसावा म्हणून दीडशे वर्षांपूर्वी ही तिसरी खिडकी नुसती रंगवली, मंडळी! मागे भक्कम भिंत!"

तोच खिडकी धाडकन उघडली आणि त्याच्या सख्ख्या मावशीने डोकं बाहेर काढलं. "भिंत फोडून कालच खरी बसवली रे! वीस वर्षं तुझं हे पुराण आतून ऐकतेय, वाऱ्याची झुळूक म्हणून नाही!"

भाकरीचा प्रश्न होता, म्हणून गाईडने ठोकून दिलं, "आणि ही म्हातारीसुद्धा रंगवलेलीच बरं का! किती हुबेहूब!"

पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मग वरून बादलीभर पाणी आलं. तेही अगदी हुबेहूब होतं.