राखणीतला होकार

बातमी पोटात ठेवणं ही काय शिक्षा असते, ते स्नेहलला पोलादपूरच्या एसटी स्टँडवर कळलं. उसाचा रस सांगून तिनं सहज फोन उघडला, तर पुण्याच्या विद्यापीठाचा मेल आलेला. दुसऱ्या वर्षाला, भूशास्त्राला, तिला जागा मिळाली होती. तिनं मेल वाचला, परत वाचला, मग खालून वर वाचून पाहिला, आणि रसवाल्याच्या हातात पैसे ठेवून रस न पिताच उमरठच्या गाडीत जाऊन बसली. तो बिचारा भरलेला ग्लास घेऊन "ओ ताई, रस!" करत गाडीच्या खिडकीपर्यंत आला.

गाडी सुटली तसं तिला सगळ्याचंच हसू यायला लागलं. कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली की हसू, गाडी खड्ड्यात आपटली की हसू. शेजारी पिशवीत कोंबडी घेऊन बसलेली एक मावशी जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काय गो, लगीन ठरलं काय तुजं?"

"नाय ओ मावशी. विद्यापीठ बदललं."

"आसू दे, आसू दे," तिच्या पाठीवरून हात फिरवत मावशी म्हणाली, "दुसरं बरं मिळंल."

यावर स्नेहल अशी काही खिदळली की पिशवीतली कोंबडीसुद्धा दचकून ओरडली.

आता हे विद्यापीठ बदलायचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं कसं, ते सांगायला हवं. स्नेहलची वाडी उमरठच्या वर, डोंगराच्या कुशीत. घरं मोजकी, म्हशी घरांहून जास्त, आणि माणसं निम्मी मुंबईला. पावसाळ्यात वरच्या डोंगराला भेगा पडतात. तालुक्याचे साहेब येतात, "खाली शाळेत राहायला जा" म्हणतात, माणसं दोन-चार दिवस जातात आणि म्हशींपायी परत येतात. स्नेहल महाडच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती. हिवाळ्यात पुण्याच्या एक मॅडम विद्यार्थी घेऊन त्या भेगा मोजायला आल्या. वाट दाखवायला म्हणून स्नेहल बरोबर गेली आणि टेपचं दुसरं टोक तिच्या हातात आलं. ते धरून तिनं इतके प्रश्न विचारले, इतके विचारले, की मॅडम शेवटी एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू आमच्याकडेच का येत नाहीस? पहिल्या वर्षानंतर विद्यापीठ बदलता येतं."

झालं! त्या दिवसापासून पोरीच्या डोक्यात डोंगरच जाऊन बसला. हा डोंगर कुठं धरून बसलाय आणि कुठं सुटायला टेकलाय, हे शिकवणारं कॉलेज जगात असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. तिनं गुपचूप अर्ज केला, महाडला पेपर आहे म्हणून सांगून पुण्याला परीक्षा देऊन आली, आणि आई सोडून घरात कुणाला वास लागू दिला नाही.

घरात अडचण एकच होती, आणि तिचं नाव सहदेव.

सहदेव म्हणजे तिचा बाप. डोळे वटारणारा बाप असता तर सोपं गेलं असतं. वटारलेल्या डोळ्यांशी भांडता येतं. हा पडला मायाळू. संध्याकाळी कॉलेजातून येणारी गाडी उमरठच्या फाट्यावर थांबायच्या कितीतरी आधी हा मोटरसायकल घेऊन हजर. गाडीला उशीर झाला तर ड्रायव्हरला जाब विचारायचा. भावकीतल्या कुणी "पोरीला कशाला शिकवतोस" म्हटलं तर त्याच्याशी बोलणं टाकायचा. मात्र त्याची एक अट होती, आणि ती त्यानं साऱ्या वाडीला ऐकवून ठेवली होती. पोरगी शिकंल तितकी शिकंल, दिवेलागणीला मात्र घरात पायजे. आता रोज दिवेलागणीला पुण्याहून घरात यायचं म्हणजे तिला पंखच लावायला हवे होते.

फाट्यापासून बापाच्या मागे मोटरसायकलवर ओठ मिटून बसलेली स्नेहल घरी पोचताच दप्तरासकट गोठ्यात शिरली. तिची आई, मीना, म्हैस पिळत होती.

"आये, झालं माझं! जागा मिळाली!"

मीनाचा हात काही थांबला नाही, पण पुढच्या चार धारा बादलीऐवजी जमिनीवर गेल्या. मग तिनं पदरानं डोळे पुसले, हसली, आणि लगेच तोंड बारीक केलं. "बापाला कदी सांगणार?"

"तू सांग ना."

"मी नाय बाय. म्हस विकली म्हणून सांगायचं आसतं तर सांगितलं आसतं. हे नाय जमायचं." मीनानं बादली उचलली. "बापाचं मागनं बघू. आदी राखणदाराला सांगाया होवं."

वाडीचा राखणदार म्हणजे आंब्याखालचा शेंदूर लावलेला देव. तो रोज तिन्हीसांजेला वाडीतली माणसं मोजतो, अशी तिथली समजूत. न सांगता कुणी बाहेर राहायला गेलं, तर तो त्याला शोधत रानोमाळ फिरतो आणि इकडे वाडी उघडी पडते. म्हणून मुंबईला जाणारा असो नाहीतर सासरी जाणारी असो, आधी देवाच्या कानावर घालायचं. नशिबानं दुसऱ्याच दिवशी राखण होती. पेरणीच्या आधी सगळी वाडी आंब्याखाली जमते, घरोघरचे नारळ आणि वाडीचा कोंबडा देवाला देते, आणि नाथूआबा एकेका घराचं मागणं देवापुढे मांडतात. त्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. आबांनी एक मागणं म्हटलं की सगळ्यांनी एकसुरात "होय महाराजा!" म्हणायचं, म्हणजे ते देवाला पोचलं.

स्नेहल उड्या मारतच नाथूआबांच्या अंगणात गेली. आबा कोयत्यानं बांबू तासत बसले होते.

"आबा, माझं एक गाऱ्हाणं हाय. पण मनातल्या मनात घाला."

"मनातल्या मनात?" आबांनी कोयता खाली ठेवला. "देव काय माज्या मनात बसलाय? तो तिकडं आंब्याखाली बसलाय."

"मग हळू तरी घाला. बापाला अजून सांगितलं नाय ओ!"

तिनं सगळी हकिगत सांगितली. आबांना ती इतकी आवडली की ते मांडीवर थाप मारून हसले. पण हळू बोलणं आणि नाथूआबा यांचा कधी संबंध आला नव्हता. तरुणपणी ते पलीकडच्या डोंगरावरच्या गुराख्याला हाक मारायचे, तर मधल्या वाडीची गुरं घरी परतायची.

"जा," आबा म्हणाले. "पुटपुटतो."

राखणीच्या दिवशी आंब्याखाली पुरुष पुढे, बायका मागे अशी वाडी जमली. मुंबईहून जितेश आला होता, स्नेहलचा चुलतभाऊ. तो फोन उंच धरून सगळ्यांना सरकवत होता. "काका, जरा साइडला. फ्रेममध्ये येताय. मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर लाइव्ह जातंय." सहदेव सगळ्यांच्या पुढे उभा. पहिला "होय महाराजा" म्हणायचा मान त्याच्या घराचा. त्यानं सूर लावला की मग बाकीच्यांनी उचलायचा. शिवाय त्या दिवशी कोंबडाही त्याच्याच काखेत होता आणि तो कोंबडा काही देवाला जायला राजी नव्हता.

"बा राखणदारा!" नाथूआबांनी सुरू केलं आणि आंब्यावरचे कावळे उठले. "हा कोंबडा-नारळ तुज्या पायाशी आनलाय, तो गोड मानून घे! डोंगर जागचा हलू देऊ नको!"

"होय महाराजा!"

"ज्याची म्हस आटली आसंल तिला धार फुटू दे!"

"होय महाराजा!"

"जितेशची नोकरी परमनंट होऊ दे!"

"होय महाराजा!" यात जितेशचाच आवाज मोठा होता आणि त्याच्या हातातला फोन हलला.

मग सहदेवाच्या घराची पाळी आली. आबांनी शब्द पाळला. मान खाली घातली, डोळे मिटले आणि खरोखरच पुटपुटले. मागे उभ्या स्नेहलला त्यांचे ओठ हलताना दिसले आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिनं आईचा हात दाबला.

पण पुटपुटलेलं ऐकणार कोण? आबा थांबले आणि कुणीच काही म्हणालं नाही. आंब्याखाली चिडीचूप. आबांच्या उभ्या आयुष्यात त्यांचं गाऱ्हाणं असं कोरडं पडलं नव्हतं. त्यांनी एक डोळा उघडून पाहिलं. माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. हा अपमान देवाचा की आपला, याचा विचार करायलाही ते थांबले नाहीत. त्यांनी छाती भरून घेतली.

"आणि ह्या सहदेवाची पोर स्नेहल! हिला पुण्याच्या विद्यापीठात जागा मिळालीय! येत्या आठवड्याला तिकडं राहायला जायचं हाय! बापाला आजून सांगितलेलं नाय! तर त्या बापाला चांगली बुद्धी दे, आनि पोरीला सुखरूप जाऊ दे!"

"होय महाराजा!"

सगळ्यांत आधी, सगळ्यांत खणखणीत, सहदेवाचा आवाज. कोंबड्यानं त्याच वेळी त्याच्या दंडाला चोच मारली होती, तरी मान तो मान. आबा थांबले की त्याचं तोंड आपोआप उघडायचं. त्याच्यामागे अख्खी वाडी गरजली. आणि मग सहदेवाच्या डोक्यात ते शब्द एकेक करून उतरले. पुणे. राहायला. बापाला. त्याची मान मागे वळली, हात सैल पडला आणि कोंबडा सुटून करवंदीच्या जाळीत पसार झाला.

"मी काय म्हनलो आत्ता?" सहदेवानं विचारलं.

"होय म्हनलास," आबा म्हणाले.

"मी नाय म्हनलो."

"व्हिडिओ हाय काका," जितेश म्हणाला. "डोंबिवलीवरनं आंगठे पण यायला लागले."

बायकांनी पदर तोंडात कोंबले, तरी हसू फुटायचं ते फुटलंच. स्नेहल तर हसतही होती आणि भीतही होती. यातलं हसू कुठलं आणि भीती कुठली, तिचं तिलाच कळेना.

"आबा, हे माघारी घ्या!" सहदेव तापला. "पोरीला पुण्यात ठेवायची? उमरठचा सुभेदार गड घ्यायला त्या बाजूला गेला तो माघारी आला नाय. इतिहास हाय!"

"गड तर आला ना?" आबा म्हणाले.

आता पुरुषसुद्धा हसायला लागले. सहदेवाला कुठं बघावं कळेना. त्यानं मीनाकडे पाहिलं, तर तिला एकाएकी नारळाच्या शेंड्या फार महत्त्वाच्या वाटू लागल्या होत्या.

"हे बघ," आबा जरा मऊ आवाजात म्हणाले, "होकार तुजा हाय. मला माघारी घेता यायचा नाय. तुला नको आसंल तर तूच गाऱ्हाणं घाल. ये, हितं हुबा ऱ्हा. देव ऐकंल."

सहदेव खरंच पुढे झाला. हसणं थांबलं. आणि स्नेहलला एक गोष्ट ठाऊक होती. गाऱ्हाणं कुठलंही असो, वाडी "होय महाराजा"च म्हणते. नाही म्हणायची पद्धतच नव्हती. बाप एकदा म्हणाला, 'देवा, ही हितंच राहू दे,' की मागून सगळे होकार भरणार, जितेश भरणार, आबा भरणार, आणि मग वाडीचं मन मोडून जायची छाती तिला नव्हती. मॅडम, टेप, तो मेल, सगळं एका ओरडण्यात संपणार होतं.

सहदेवानं हात जोडले. त्याच्या केसांत कोंबड्याचं पीस अडकलं होतं. ते काढावं असं कुणाला वाटलं नाही.

"बा राखणदारा," तो म्हणाला. आवाज अगदीच घरातला. "माजी पोर..."

तो थांबला. मागे वळून त्यानं स्नेहलकडे पाहिलं. ती ओठ दाबून, लहानपणी पोहायला उडी मारायच्या आधी उभी राहायची तशी उभी होती. मग तो पुन्हा देवाकडे वळला.

"माजी पोर पुण्याला चाललीय. मी होय म्हनलोय, ते ध्यानात नसताना म्हनलो. पण म्हनलो. आता संद्याकाळची गाडी फाट्यावर येनार, आनि तिच्यातनं कोन उतरनार नाय." त्यानं जोडलेले हात कपाळाला टेकवले. "त्या टायमाला माजा जीव थाऱ्यावर ठेव. दुसरं काय मागत नाय."

आणि पुन्हा आंब्याखाली शांतता पसरली. कारण पहिला होकार भरायचा मान सहदेवाचा, आणि आज मागणाराच तो. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. आबांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांनाही उगीच दुसऱ्याच्या मानात पाय घालायचा नव्हता.

"होय महाराजा!"

बायकांच्या रांगेतून आवाज आला. स्नेहलचा. इतका मोठा की शेवटी तो चिरकला. आंब्याखाली बाईमाणसानं पहिला सूर लावायची रीत नव्हती, पण तो लागला तो लागला, आणि मागोमाग सगळी वाडी अशी गरजली की खाली उमरठात कुत्री भुंकायला लागली. मीना रडत होती आणि हसत होती. स्नेहल गर्दीतून वाट काढत बापाकडे धावली आणि लहानपणी मारायची तशी त्याच्या कमरेला मिठी मारली.

सहदेवानं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड खसाखसा पुसलं.

"जितेश," तो म्हणाला, "तो फोन बंद कर आदी. आनि महाडवरनं पुण्याची पयली गाडी किती वाजता रे? मला तिची राहायची जागा बघून यायचंय."