लांब दांड्याचे पाने

शिरपूरहून चोपड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर भिकन मिस्तरीचं गॅरेज आहे आणि गॅरेजच्या पाठीला लागूनच त्याचं घर. गॅरेज कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं, हे मात्र त्याच्या बायकोला, सविताबाईंनाही सांगता येत नसे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा भिकनची सगळी हत्यारं एका पत्र्याच्या पेटीत मावत. मग पेटी अपुरी पडली म्हणून तेलाचे डबे आले, डबे अपुरे पडले म्हणून केळीचे क्रेट आले, आणि एके दिवशी हा गडी हातगाडीवर चक्क एक फ्रिज घालून घरी आला. सविताबाई हरखल्या. घाईघाईने त्यांनी दुधाचं पातेलंसुद्धा पुढे आणलं. भिकनने फ्रिजचं दार उघडलं आणि अंडी ठेवायच्या खाचांत गोटीपान्याच्या, नटावर चढवायच्या लोखंडी गोट्या मापाप्रमाणे एकेक करून बसवल्या. फ्रिज आतून कधीचाच मेलेला होता. दुधाचं पातेलं परत चुलीकडे गेलं आणि सविताबाईंनी त्या दिवशी नवऱ्याशी अबोला धरला.

अबोल्याने भिकन सुधारला असता तर काय हवं होतं! धुळ्याला गेला की घेवरचंदशेठच्या हत्यारांच्या दुकानातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काखेत मारून यायचाच. घरात शिरताना ती काख बायकोच्या विरुद्ध बाजूला ठेवायचा. जणू तिला दिसतच नव्हतं.

पण आता लेक बाळंतपणाला येणार होती. मृणालीचं पहिलंच. जावई प्रशील तिला पुढच्या आठवड्यात आणून सोडणार होता आणि तिच्यासाठी असलेली मागची एकुलती एक खोली लोखंडाने भरली होती. सविताबाईंनी पदर खोचला आणि निकाल दिला : एका मापाचा एकच पाना राहील, बाकी सगळे भंगारात, आणि यापुढे घरात लोखंडाचा तुकडा येणार नाही. लेकीचं नाव निघाल्यावर भिकन कबूल झाला.

फ्रिजसमोर बसून सविताबाईंनी पाने लावायला घेतले तेव्हा त्यांना हसू आवरेना. एकाच मापाचे तीन-तीन पाने! एक साधा, चकचकीत. दुसरा तसाच, पण त्याच्या बुडाला वीतभर पाइप वेल्डिंग करून जोडलेला. तिसऱ्याला तर हातभर पाइप. या शेपट्या कशाला लावून ठेवल्यात, म्हणून त्यांनी नवऱ्याची थट्टा केली. चांगले दिसणारे साधे पाने त्यांनी पुसून फ्रिजमध्ये ठेवले आणि शेपटीवाले सगळे गोणीत टाकले.

भिकन दारात उभा होता. "ते ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

"कसाले?" सविताबाईंनी विचारलं.

भिकन वळून बाहेर निघून गेला. एरवी हा माणूस वाकड्या वायसरसाठी तासभर भांडायचा. तेव्हाच सविताबाईंच्या मनात शंका यायला हवी होती. पण बऱ्याच वर्षांनी जिंकल्या होत्या बिचाऱ्या, त्या आनंदात त्यांचं लक्ष गेलं नाही. अमृत भंगारवाला गाडी घेऊन आला आणि गोणी घेऊन गेला. खोलीला चुना लागला, खाट पडली, बाबासाहेबांच्या तसबिरीला नवा खिळा मिळाला. फ्रिजच्या रिकाम्या झालेल्या खालच्या कप्प्यात त्यांनी बाळाची दुपटी घडी करून ठेवली.

मग एका सकाळी तोतारामनाना कापसाने भरलेली ट्रॉली घेऊन आले. ट्रॅक्टरचं मागचं चाक डगमगत होतं, ते काढायचं होतं. नाना भिकनचे जुने गिऱ्हाईक. ते बाजेवर बसून कापसाच्या भावाला नावं ठेवू लागले आणि सविताबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

भिकनने चाकाच्या नटावर तो चकचकीत पाना चढवला आणि जोर लावला. नट हलला नाही. त्याने पाय रोवले, पुन्हा ओढलं. पाना सटकला आणि त्याची बोटं मडगार्डच्या पत्र्यावर घासली. हाताला तेल लागलंय, असं तो नानांना सांगत होता आणि हात पँटला पुसत होता. सविताबाईंनी पाहिलं, हाताला तेलाचा टिपूससुद्धा नव्हता. मूठ नीट मिटतच नव्हती. त्यांना वीतभर पाइप आठवला, मग हातभर पाइप. वर्षागणिक वाढलेल्या त्या शेपट्या होत्या. दांडी जितकी लांब तितका जोर कमी लागतो, एवढं तर गॅरेजमागे संसार केलेल्या बाईला कळत होतं. हौस म्हणून नव्हे, हातातली ताकद जात चालली म्हणून हा माणूस ते शेपटीवाले पाने जमवत होता. आणि ते आपण आपल्या हाताने गोणीत भरले.

नाना उठू लागले होते, मी ओढू का म्हणून. सविताबाईंनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि त्यांना परत बसवलं. मग चाकापाशी जाऊन नवऱ्याच्या मुठीवर आपली मूठ घट्ट धरली. भिकन एकदम हात काढून घ्यायला निघाला, पण त्यांनी सोडलं नाही. दोघांनी मिळून ओढलं. नट करकरला आणि सुटला. तोतारामनाना ट्रॉलीतल्या कापसाकडे बघत राहिले आणि चाक निघेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. नाना मोठे समजूतदार.

ट्रॅक्टर गेल्यावर सविताबाईंनी विचारलं, "तुम्ही माले का बरं सांगं नही?"

"कसं सांगू? तू म्हणशी, गॅरेज बंद करा." भिकन सोललेल्या बोटांकडे पाहत होता. "मना हातमा जोर नही ऱ्हायना, सविता. दुसरं काय येस माले?"

गॅरेज बंद करा, असं सविताबाई खरोखरच म्हणाल्या असत्या. ते शब्द त्यांच्या ओठांवर आलेही होते. त्यांनी ते गिळले, पायात चपला सरकवल्या आणि नवऱ्याला घेऊन अमृतच्या वखारीत गेल्या.

गोणी कधीच धुळ्याला रवाना झाली होती. अमृत ओशाळला, पण त्याचा काय दोष? सविताबाई त्याच्या ढिगात शिरल्या. घरात यापुढे लोखंडाचा तुकडा येणार नाही, असं चार दिवसांपूर्वीच बजावणारी बाई एकेक पाइप उचलून पाहत होती. हा आखूड, तो गंजलेला. शेवटी एक जाडजूड, भलामोठा लांब पाइप त्यांनी बाहेर ओढला. भिकन म्हणाला की एवढा लांब कशाला, याच्या अर्ध्यात भागेल.

सविताबाईंनी पाइपाचं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि त्याच्या मुठींशेजारी आपल्या दोन्ही मुठी रोवल्या.

"चारी हात मावतस का, ते दखा पहिले," त्या म्हणाल्या.