मेंदीवरची अमरवेल

सुरतेतल्या बमरोलीच्या चाळीत सुंदराबाईच्या दाराशी मेंदीचं झाड होतं, आणि त्या थंडीत त्याच्यावर अमरवेल चढली. ना मूळ, ना पान. नुसते पिवळे ओलसर धागे, आणि त्यांना तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुलं. कुणी शेळीसाठी आणलेल्या बोरीच्या फांदीबरोबर आली असावी. दुपारच्या उन्हात ती अशी चमकायची, की सुंदराबाई हातातलं काम विसरून बघत बसायची.

तिचं काम साड्यांचं. भरतकामाच्या साडीमागं लोंबणारे धागे कात्रीनं काढायचे. सुरतेत त्याला धागा कटिंग म्हणतात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तशी अर्धी साडी लेक जयश्री करू लागली, मग पाऊण, मग सगळीच. ऑपरेशनचं नाव काढलं की सुंदराबाई विषय बदलायची. आणि जयश्रीला स्थळ आलं की तिला हमखास चक्कर यायची. पाहुण्यांची पाठ वळली की चक्करही उतरायची. हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं, जयश्रीलाही होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

आता बारडोलीचं स्थळ आलं होतं. योगराज तिथल्या साखर कारखान्यात होता, आणि या वेळी जयश्रीला मुलगा मनापासून आवडला होता. महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्याचे वडील, रामदासआप्पा, उत्तर घ्यायला येणार होते. सुंदराबाईचा 'नाही' तयार होता.

अशात मेंदी सुकायला लागली. लेकीच्या हातांसाठीच लावलेली मेंदी ती. सुंदराबाईनं कात्री घेतली आणि साडीवरचा काढावा तसा एकेक धागा, पानाला धक्का न लावता, कापून काढला. तुकडे सवयीनं शेजारच्या अडुळशावर झटकले. थोड्याच दिवसांत मेंदी पुन्हा पिवळी, आणि अडुळसाही पिवळा.

शेजारच्या रुक्मिणीनं कपाळावर हात मारला. "व माय, तू तं पेरी ऱ्हायनी! तिना तुकडा जठे पडस तठे ती चिकटस. झाडनंच रगत पेस ती. आते फांद्यासंगे तोड, नहीतं झाड जाई."

"मनी मेंदी तोडू?" आपल्या मेंदीसाठी सुंदराबाई भांडली, रुसली, आणि साड्यांच्या गठ्ठ्याला टेकून पेंगली.

झोपेत तिला वाटलं, ऊन घरात आलं. ते ऊन नव्हतं. तिच्याच बोटांतून पिवळे धागे निघत होते, मऊ, ऊबदार, आणि जयश्रीच्या मनगटाभोवती, मग कोपराभोवती फिरत होते. टेकतील तिथं पांढरं फूल उमलत होतं. फार बरं वाटत होतं, पोटभर जेवल्यासारखं. जयश्री मुकाट्यानं साडीचे धागे कापत होती. स्वतःच्या अंगावरचे कापत नव्हती. तिचा हात फिका पडत चालला होता. "काप ना, पोरी," असं सुंदराबाईला म्हणायचं होतं, पण तिचं तोंड फुलांनी भरलं होतं.

ती दचकून जागी झाली तेव्हा जयश्री खरंच समोर बसून साडी करत होती. सुंदराबाईला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. ती उठली, कोयता घेतला आणि आधी अडुळसा, मग मेंदी बुंध्यापर्यंत उतरवली. रडत रडत उतरवली.

रविवारी रामदासआप्पा आले. चहा झाला. जयश्री दाराआड उभी होती.

"मंग बाई, काय ठरनं?"

"लई जा मनी पोर, आप्पा," सुंदराबाईनं होकार दिला. "मी डोयास्नं ऑपरेशन करी लिसू."

पाहुणे गेल्यावर जयश्री तिला खेटून बसली.

"माय, तू एकली काय करशी?"

"रडसू," सुंदराबाई म्हणाली. "खूप रडसू."

"आनि मंग?"

"मंग भूक लागी. मंग उठसू, आनि मनी भाकर मीच टाकसू."