हिल्डाच्या वाढदिवसाचं गाणं

मी एक जुना रेडिओ. पोटातल्या तारा उंदरांनी कुरतडल्यात, पण एके काळी यॉर्कशरच्या डोंगरात, मेंढ्या पाळणाऱ्या विल्फच्या स्वयंपाकघरात माझा तोरा काही और होता.

त्या घरात वीज नव्हती. मी चालायचो आम्ल भरलेल्या काचेच्या बॅटरीवर. दर शनिवारी विल्फ ती खाली गावातल्या गॅरेजात चार्ज करायला न्यायचा. आम्ल सांडून पँट जळू नये म्हणून पाय फाकवून चालायचा, आणि त्याची मुलगी नोरीन त्या चालण्याची नक्कल करून आईला हसवायची.

त्रेसष्टच्या हिवाळ्यात बर्फाने कहर केला. कुंपणाच्या भिंती दिसेनाशा झाल्या. रस्ता बंद, टपाल बंद, आणि माझ्यापाशी उरली एकच अर्धी उतरलेली बॅटरी. विल्फची बायको हिल्डा हिचा जीव टांगणीला लागला होता. मुलगा अ‍ॅलेक सैन्यात, जर्मनीतल्या ब्रिटिश छावणीत. शेवटच्या पत्रात त्याने लिहिलं होतं, "आई, तुझ्या वाढदिवसाच्या रविवारी दुपारी रेडिओवर फर्माइशींचा कार्यक्रम ऐक."

तेव्हापासून विल्फने मला हात लावायला सगळ्यांना बंदी केली. स्वतः हवामानाचा अंदाजही ऐकेना. "बर्फ काय, खिडकीतून दिसतोच आहे," म्हणायचा.

पण तो बर्फात गाडलेल्या मेंढ्या काठीने चाचपायला गेला आणि हिल्डा गोठ्यात गेली, की नोरीन हळूच माझं बटण फिरवायची. सतरा वर्षांची पोर. देशभर गाजणारी गाणी आपल्यालाच ऐकू येऊ नयेत, हे तिला सहन होत नव्हतं. माझ्या जाळीला कान लावून ती शब्द वहीत उतरवायची. बॅटरी उतरतेय हे मला कळत होतं, पण गायची हौस मलाही होती. आम्ही दोघंही चोरच.

तो रविवार आला. हिल्डा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. निवेदकाने अ‍ॅलेकचं नाव घेतलं, तो खुशाल असल्याचं सांगितलं, आणि त्या हिवाळ्यात ज्याच्या त्याच्या तोंडी असलेलं गाणं सुरू झालं. पहिली ओळ संपायच्या आत माझा आवाज बसला. विल्फने मला थोपटलं, तारा हलवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पोराचं गाणं तरी ऐकू द्यायचं होतं," हिल्डा म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मी थांबलो तिथूनच नोरीनने गाणं उचललं.

"तुला कसं गं पाठ?" विल्फने विचारलं.

"बाबा, मी चोरून ऐकत होते. बॅटरी मीच संपवली."

विल्फ ताडकन उठला. हिल्डाने त्याची बाही धरली. "थांब. आधी तिला पुरं करू दे. मग काय ते बोल."

नोरीन गायली. रडत, अडखळत, मूळ गाण्यापेक्षा कितीतरी सावकाश. विल्फ शेवटपर्यंत उभा राहिला आणि मग टोपी चढवून मेंढ्यांकडे गेला.

आता मी नोरीनच्या घरी फडताळावर असतो. तिचा जावई मला दुरुस्त करायचं म्हणतोय. बाबा रे, नको. पुढे डोंगरातल्या त्या घरात वीज आली, नवा रेडिओ आला, आणि एका दुपारी त्याच्यावर तेच गाणं लागलं. सुट्टीवर आलेला अ‍ॅलेक ओरडला, "आई, तुझं गाणं!"

हिल्डाने जरा वेळ कान दिला.

"हे नव्हे रे," ती म्हणाली. "ह्याला कसली एवढी घाई?"